एक मोटार, अनेक घरे

वाहनांच्या इतिहासात १९४८ हे साल आम्हाला दोन कारणांसाठी महत्त्वाचे वाटते. १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील झुरिकला ‘सेफागे’ ही सहकारी संस्था निघाली. एकट्याने मोटार घेणे न परवडणाऱ्यांनी गाड्या सामाईक ठेवल्या आणि पाळीपाळीने स्वतः चालवल्या. एसटीत प्रवास सामाईक होता. इथे वाहनच सामाईक होते. ही संस्था १९९८ पर्यंत टिकली.

यामागचे गणित सोपे आहे. किंमत, विमा, कर यांचा खर्च गाडी उभी असली तरी होतोच. तो वर्षाला ८०,००० रुपये आणि इंधन वगैरेचा खर्च किलोमीटरला ८ रुपये समजू. वर्षाला ४,००० किलोमीटर फिरणाऱ्या घराला किलोमीटर २८ रुपयांना पडतो. अशा पाच घरांनी एकच गाडी २०,००० किलोमीटर चालवली, तर १२ रुपयांना. (वर्गात याचा आलेख जरूर काढून घ्यावा.)

पण नुसत्या हिशेबावर योजना चालत नाही. १९७४ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये ‘विटकार’ या विजेवरच्या छोट्या तीनचाकी गाड्या आल्या. एका थांब्यावर घ्यायची, दुसऱ्यावर सोडायची. साहजिकच कुठे गाड्या साचत, कुठे एकही नसे. १९८६ मध्ये योजना गुंडाळली गेली. १९८७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निघालेल्या दोन सहकारी संस्था मात्र वाढल्या आणि १९९७ मध्ये एक होऊन ‘मोबिलिटी’ बनल्या. अमेरिकेत २००० साली ‘झिपकार’ आली. भारतात ‘झूमकार’ने २०१३ मध्ये बंगळूरला सुरुवात केली.

आता देवळ्याकडे पाहू. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर तासावर घेणे इथे नवे नाही. विठेवाडीला सहकारी साखर कारखाना उभारणाऱ्या या परिसराला सहकारही शिकवायला नको. अडचण नियमांची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने बारा प्रवाशांपर्यंतची जीप ‘कंत्राटी’ ठरवली. म्हणजे ती अख्खी भाड्याने द्यायची, वाटेत माणशी भाडे घेऊन प्रवासी भरायचे नाहीत. काळी-पिवळीचा धंदा तर त्यावरच चालतो! स्वतः चालवायला गाड्या भाड्याने देण्यासाठी १९८९ साली निघालेल्या केंद्राच्या योजनेत किमान ५० गाड्यांची अट होती. पाच घरांची एक गाडी तिच्या हिशेबातच नव्हती.