आगमनकाळ

ख्रिस्ती उपासनावर्षाचा पहिला काळ. नाताळाची आध्यात्मिक तयारी करण्याचे दिवस. ३० नोव्हेंबर हा संत आंद्रियाचा सण. त्याला सर्वांत जवळ असलेल्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेपूर्वी संपतो. त्यात चार रविवार येतातच. दिवस मात्र कमीअधिक होतात. नाताळ सोमवारी आला तर २२, रविवारी आला तर २८.

या काळात केवळ बेथलेहेमच्या जन्माची वाट पाहिली जात नाही. १६ डिसेंबरपर्यंतच्या वाचनांचा रोख ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे असतो. ‘जागे राहा’ हा पहिल्या रविवारचा संदेश, तर पुढचे दोन रविवार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे. १७ डिसेंबरपासून वाचने जन्मकथेकडे वळतात. यशया संदेष्ट्याची भाकिते सर्व आठवड्यांत ऐकू येतात. जन्मोत्सवाच्या तोंडावर जगाच्या अखेरच्या हिशेबाचे स्मरण करून देणे ही या काळाची खरी ताकद होय. ते वगळले तर उरते ती सणाची खरेदी.

पाचव्या शतकात फ्रान्समधील तूरचे बिशप पर्पेट्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिला. रोमन परंपरेत पुढे चार रविवार स्थिरावले. मिलानच्या उपासनापद्धतीत आजही सहा आहेत. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा ४० दिवसांचा उपवास पाळतात.

कॅथलिक धर्मग्रामात आगमनकाळ लागल्याचा बदल आधी डोळ्यांना जाणवतो. धर्मगुरूंची मिस्सावस्त्रे जांभळी होतात; तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी गुलाबी चालतात. रविवारच्या मिस्सेत ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत गात नाहीत, पण ‘आलेलुया’ कायम राहतो, कारण हा ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाइतका कडक काळ नव्हे. वेदीवर फुले बेताने ठेवावीत असा नियम आहे आणि फुलशेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या वसईतल्या धर्मग्रामांनाही तो लागू आहे. हिरव्या चक्रातील चार मेणबत्त्या दर रविवारी एकेक करून पेटवल्या जातात. या प्रथेचा उगम हाम्बुर्गचे लूथरपंथी पाळक योहान हिन्रिख विखेर्न यांच्या अनाथाश्रमात १८३९ साली झाला. कॅथलिकांनी ती नंतर स्वीकारली.

तयारीचा गाभा मात्र पापनिवेदनात आहे. अनेक ठिकाणी त्यासाठी खास संध्याकाळ ठरवतात, शेजारच्या धर्मग्रामांतले फादरही बोलावले जातात. ओळखीच्या फादरांपुढे जड जाणारे शब्द परक्यापुढे सुटतात, ही सोय मोलाची आहे. पापनिवेदनात ऐकलेले उघड करण्यास धर्मगुरूला पूर्ण मनाई असते. आधी अंतःकरणाचा शोध, मग खेद, निवेदन, क्षमा आणि प्रायश्चित्त असा क्रम असतो. जमिनीच्या बांधावरून किंवा वाटणीवरून भावाशी बोलणे तुटलेल्या माणसाला यातली खेदाची पायरी सर्वांत अवघड जाते. समेटाचे पाऊल त्याने नाताळापूर्वीच उचलावे, असे आवाहन प्रवचनांतून केले जाते. रिट्रीट, घरोघरच्या प्रार्थनासभा, अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन कम्युनियन देणे आणि गरजूंसाठी वर्गणी हे उपक्रम या तयारीला जोडून येतात.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही आगमनाचे रविवार पाळले जातात. सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

मराठी साहित्यात या प्रतीक्षेला सर्वांत विस्तृत रूप दिले फादर थॉमस स्टीफन्स यांनी. १६१६ साली गोव्यात छापलेल्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे ‘पहिले पुराण’ जुन्या करारावर आधारलेले आहे. येशूचा जन्म येतो तो ‘दुसऱ्या पुराणा’त, तोवर वाचकाला हजारो ओव्या तारणाऱ्याची वाट पाहावी लागते.