धक्का: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची एक जुनी गोष्ट

पंधरा-वीस वर्षं चाललेली ऑटोमॅटिक गाडी. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना पाठीत कुणीतरी गुद्दा मारावा तसा धक्का बसतो. गॅरेजमध्ये नेली की पुष्कळदा निकाल लगेच लागतो: ‘गिअरबॉक्स गेला.’ त्यापुढे जो आकडा सांगितला जातो, तो ऐकून बरेच जण दुरुस्तीऐवजी गाडी भंगारात काढायचा विचार करू लागतात.

हा निकाल अनेकदा घाईचा असतो. धक्का म्हणजे प्रत्येक वेळी मोडतोड नव्हे. काही धक्के गाडी बनवणाऱ्यांनीच जाणूनबुजून निवडलेले आहेत. ते का निवडले, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

५७ डॉलरची सोय

जनरल मोटर्सने १९४०च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाडीत ‘हायड्रामॅटिक’ नावाचा गिअरबॉक्स द्यायला सुरुवात केली. त्यासाठी ५७ डॉलर जादा मोजावे लागत. क्लचचं पेडल गायब झालं. चार गिअर आपोआप बदलू लागले. मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. त्यामागचा प्रमुख माणूस होता अर्ल थॉम्प्सन. साध्या गिअरबॉक्समधली दातांची खरखर थांबवणारी सिंक्रोमेशची रचनाही त्याचीच. ती १९२८मध्ये कॅडिलॅकमध्ये आली होती.

या गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर नव्हता, वीजही नव्हती. सगळा विचार तेल करत होतं. गाडीच्या वेगाबरोबर फिरणारा गव्हर्नर तेलाचा एक दाब तयार करी आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय त्यावरून दुसरा दाब तयार होई. व्हॉल्व्ह बॉडी नावाच्या, चक्रव्यूहासारख्या नाल्या कोरलेल्या धातूच्या ठोकळ्यात हे दोन दाब समोरासमोर येत. वेगाचा दाब वरचढ ठरला की व्हॉल्व्ह सरके आणि गिअर बदले.

ही युक्ती सुंदर होती, पण मऊ नव्हती. हायड्रामॅटिकमध्ये दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना एकाच क्षणी दोन गिअरसंचांची पकड उलटी करावी लागे. एकाची सुटायची, दुसऱ्याची बसायची. वेळ जरा चुकली की धक्का. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकी हलक्या रणगाड्यांतही बसला. तिथे धक्क्याबद्दल तक्रार करायला कुणाला सवड नव्हती. घरच्या गाडीत मात्र लोकांना लोण्यासारखी चाल हवी होती.

म्हणून १९४८मध्ये ब्यूकने डायनाफ्लो आणला. त्यात रोजच्या चालवण्यात गिअर बदलतच नसे, सगळा ताण टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल सोसत असे. धक्का पार नाहीसा झाला. त्याची किंमत म्हणून गाडी सुस्त झाली आणि पेट्रोल जास्त पिऊ लागली.

मऊपणाची किंमत

गिअरबॉक्सच्या पोटात क्लचच्या चकत्यांची चळत असते. त्यांच्यावर कागदासारखं पातळ अस्तर असतं. तेलाच्या दाबाने चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि गिअर लागतो. दाब झटकन आला तर पकड घट्ट बसते, पण तुम्हाला धक्का जाणवतो. दाब हळूहळू आला तर गाडी अलगद सरकते, पण तेवढा वेळ चकत्या एकमेकींवर घासत असतात. घासलं की उष्णता, उष्णता झाली की अस्तर जळणार.

म्हणजे मऊ चाल आणि दीर्घायुष्य या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. प्रत्येक गिअरबॉक्स ही या दोघींमधली तडजोड आहे. बिघाड झाला तर कुठल्या बाजूला झुकायचं, हे इंजिनिअरांना आधीच ठरवावं लागतं. बहुतेकांनी एकच बाजू निवडली: प्रवाशाला धक्का बसला तरी चालेल, चकत्या जळता कामा नयेत.

अमेरिकी गाड्यांत अनेक वर्षं वापरला गेलेला व्हॅक्यूम मॉड्युलेटर हे त्याचं चांगलं उदाहरण. बाहेरून तो एक छोटा पत्र्याचा डबा दिसतो. इंजिनातल्या ओढीची, म्हणजे व्हॅक्यूमची एक रबरी नळी त्याला जोडलेली असते. ॲक्सिलरेटर हलका असला की ओढ जास्त असते, पूर्ण दाबला की ओढ जवळजवळ नाहीशी होते. त्यावरून गिअरबॉक्सला कळतं, की इंजिनावर किती भार आहे आणि किती दाब हवा.

आता कल्पना करा, ती नळी जुनी होऊन चिरली. ओढ पोचतच नाही. गिअरबॉक्सला वाटतं, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर तळाला टेकवलाय. तो दाब पूर्ण चढवतो, गिअर उशिरा बदलतो आणि जोरात बदलतो. तुम्ही सोसायटीच्या गेटमधून हळूच बाहेर पडत असता आणि गाडी शर्यतीत असल्यासारखी वागते. दुखणं काही इंच रबराचं असतं आणि निकाल मात्र अख्ख्या गिअरबॉक्सचा लागतो.

याच डब्यातला पडदा फाटला तर इंजिन गिअरबॉक्सचं तेल शोषून जाळू लागतं. सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो, तेल कमी होत जातं, पण जमिनीवर एक थेंबही सापडत नाही. जाणते मेकॅनिक म्हणून आधी ती नळी काढून बघत. आत लालसर तेल दिसलं की निदान झालं. हत्यार लागत नसे, बोट पुरत असे.

उलट प्रकार जास्त घातक. १९८०च्या दशकातल्या जनरल मोटर्सच्या काही गिअरबॉक्सना ॲक्सिलरेटरची खबर एका केबलने मिळत असे. ती सैल बसवली तर दाब कमी पडे. गाडी छान मऊ चाले, मालक खूश होई आणि आत चकत्या गुपचूप जळत राहत.

तेलातला देवमासा

चकत्या दाबल्या जातात त्या तेलात बुडालेल्या असताना. त्यामुळे तेल नुसतं निसरडं असून भागत नाही. ते चकत्यांना घसरू देणारं हवं आणि नेमक्या क्षणी धरू देणारंही हवं. हा तोल साधायला अमेरिकी तेलांत अनेक वर्षं एक खास घटक मिसळला जात असे: स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल.

१९७०मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. १९७३मध्ये त्याहून कडक कायदा आला. देवमाशाचं तेल बंद झालं आणि रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावे लागले. ते सहज सापडले नाहीत. जनरल मोटर्सच्या एका नव्या तेलामुळे तर कूलरमधले धातूचे जोड गंजू लागले, आणि ते तेल पुन्हा बदलावं लागलं. देवमासा सुटला ही चांगलीच गोष्ट झाली. पण गिअरची चाल किती अंशी तेलावर अवलंबून आहे, हे त्यातून सगळ्यांना नीट कळलं.

सगळ्यांना कळलं, असं म्हणणंही धाडसाचंच. १९८९च्या मॉडेलांत क्रायस्लरने ‘अल्ट्राड्राइव्ह’ आणला. चकत्यांची झीज ओळखून आपला दाब आणि वेळ स्वतःच जुळवून घेणारा हा कॉम्प्युटरवाला गिअरबॉक्स. त्याला स्वतःचं वेगळं तेल लागत असे, पण त्याऐवजी सर्रास मिळणारं डेक्सरॉन चालेल असंही सुचवलं गेलं होतं. ते घातलेल्या गाड्या थरथरू लागल्या. इतकं हुशार यंत्र चुकीच्या तेलापुढे हतबल झालं.

कॉम्प्युटर आला तरी जुना निर्णय कायम राहिला. दाब ठरवणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची तार तुटली तर अनेक गिअरबॉक्समध्ये दाब पूर्ण चढतो. मोठा घोटाळा दिसला तर अल्ट्राड्राइव्ह दुसऱ्या गिअरमध्येच अडकून बसे, म्हणजे निदान घरापर्यंत पोचता येई.

मग बघायचं काय?

१९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना ठरावीक पद्धतीचं निदान-सॉकेट सक्तीचं झालं. स्कॅनर लावला की कोड मिळतो. पण पी०७०० हा कोड एवढंच सांगतो, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलंय. पुढचा शोध माणसानेच घ्यायचा आहे. त्याचा क्रम अजून जुनाच आहे.

आधी तेल. बहुतेक जुन्या अमेरिकी गाड्यांत ते गरम असताना आणि इंजिन चालू ठेवून मोजतात, पण आपल्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते पाहावं. लाल आणि स्वच्छ असेल तर ठीक. काळपट आणि करपट वासाचं असेल तर चकत्या जळल्यात. गुलाबी दुधासारखं असेल तर बहुधा रेडिएटरमधलं पाणी आत शिरलंय. डिपस्टिकच नसलेल्या आणि ‘तेल आयुष्यभर बदलू नका’ असं सांगून विकलेल्या गाड्याही आहेत. पण झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान तेल बदलायला सांगते.

मग धक्का नेमका कधी बसतो ते टिपायचं. प्रत्येक गिअरला बसत असेल तर संशय एकूण दाबावर, म्हणजे नळी, केबल, तार, सेन्सर यांच्यावर. एकाच गिअरला बसत असेल तर त्या गिअरच्या आतल्या भागांवर. पार्किंगमधून रिव्हर्स टाकतानाच दणका बसत असेल तर इंजिनाचे माउंट आणि इंजिन रिकामं असतानाचा वेग आधी तपासायचा. त्यानंतर दाबाचा गेज लावायचा. गिअरबॉक्स उघडायचा तो सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकांनी वेगळी ठेवावी. २०१४मध्ये मारुती सेलेरिओबरोबर भारतात आलेलं एएमटी हे वर सांगितलेल्या जातीचं यंत्र नाही. तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी यंत्राचा हात असतो. क्लच सुटतो तेवढा वेळ गाडीची ओढ थांबते, म्हणून मान पुढे झुकते. ती त्याची मूळ चाल आहे. तिथे टॉर्क कन्व्हर्टरचं तेल शोधत बसू नये.

बाकी जुन्या ऑटोमॅटिकबद्दल एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. धक्का देणारा गिअरबॉक्स अजून घट्ट धरतोय, आणि कदाचित कुणाच्या तरी चुकीच्या खबरीमुळे गरजेपेक्षा जास्तच घट्ट. इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढे सरकत नाही, असं झालं तर ती घसरण, आणि तिथे काळजी खरी. त्यामुळे ‘गिअरबॉक्स गेला’ असं कुणी म्हटलं तर खर्चाचा आकडा विचारण्याआधी विचारावं: तेल बघितलंत का, आणि दाब किती आला?