मुंबई विद्यापीठातील वैज्ञानिक संशोधन

मुंबई विद्यापीठातील वैज्ञानिक संशोधन या संज्ञेत विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, त्याची संलग्न महाविद्यालये आणि पदव्युत्तर संशोधनासाठी त्याची मान्यता लाभलेल्या संस्था यांमधून झालेल्या विज्ञानविषयक कार्याचा समावेश होतो. रसायन तंत्रज्ञान, जैवरसायन, वैद्यक, गणित, वनस्पतिविज्ञान, भूविज्ञान व पुरातत्त्व ही या कार्याची प्रमुख क्षेत्रे आहेत. यांतील अनेक संस्था पुढे विद्यापीठापासून वेगळ्या झाल्या. त्यामुळे विद्यापीठाच्या संशोधनाचा इतिहास हा काही अंशी त्याच्यातून बाहेर पडलेल्या संस्थांचाही इतिहास आहे.

पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. आरंभी ते परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ होते. अध्यापन महाविद्यालयांत होत असे. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापन व संशोधन हाती घेण्याचा मार्ग खुला केला. तरीही विज्ञानाच्या प्रयोगशाळा दीर्घकाळ महाविद्यालयांकडेच होत्या. मान्यताप्राप्त मार्गदर्शक महाविद्यालयात किंवा संशोधन संस्थेत, विद्यार्थ्याची नोंदणी व पदवी मात्र विद्यापीठाची, अशी ही रचना होती. पुढे सांताक्रूझ पूर्व येथील कलिना परिसरात (विद्यानगरी) विद्यापीठाचे स्वतःचे विज्ञान विभाग उभे राहिले.

रसायन तंत्रज्ञान

१ ऑक्टोबर १९३३ रोजी विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू केला. मुंबईतील कापड गिरण्यांना रंगाई, छपाई आणि विरंजन यांचे शास्त्रशुद्ध ज्ञान असलेल्या तज्ज्ञांची गरज होती, ही त्यामागील प्रेरणा होती. १९४३ मध्ये विभाग माटुंगा येथील वास्तूत गेला. के. वेंकटरामन १९३८ मध्ये त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरील त्यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते जगभर संदर्भग्रंथ म्हणून वापरले गेले. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांचे विद्यार्थी बा. द. टिळक यांनीही पुढे तेच पद भूषविले.

१९६४ मध्ये मनमोहन शर्मा केंब्रिजहून परतून येथे प्राध्यापक झाले. वायू आणि द्रव एकमेकांच्या संपर्कात येऊन अभिक्रिया घडते तेव्हा तिचा वेग केवळ रासायनिक गुणधर्मांवर अवलंबून नसतो. वायू द्रवात किती लवकर मिसळतो यावरही तो ठरतो. या दोन घटकांची विभागणी कशी मोजावी, हा शर्मा यांच्या संशोधनाचा गाभा होता. मोठ्या रासायनिक कारखान्यांतील संयंत्रांच्या आरेखनासाठी त्याचा थेट उपयोग होतो. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय अभियंता होत. रघुनाथ माशेलकर यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९६९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

जैवरसायन आणि वैद्यक

कमला सोहोनी (पूर्वाश्रमीच्या भागवत) यांनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत जैवरसायनाच्या प्राध्यापक असताना त्यांनी कडधान्यांतील प्रथिने आणि नीरेतील पोषकद्रव्ये यांवर विद्यार्थ्यांसह काम केले. कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा उपयोग व्हावा, हा त्यामागील उद्देश होता.

वैद्यकीय संशोधनाची परंपरा याहून जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हाफकिन हे विद्यापीठाचे अध्यापक नव्हते; महाविद्यालय मात्र विद्यापीठाशी संलग्न होते.

१९५२ मध्ये परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका नव्या रक्तगटाचा शोध 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा रक्तगट आज 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. ए, बी आणि ओ या गटांच्या व्यक्तींच्या रक्तपेशींवर एच नावाचा मूळ प्रतिजन असतो; बॉम्बे रक्तगटात तोच नसतो. नेहमीच्या तपासणीत असे रक्त ओ गटाचे भासते. परंतु त्यातील प्रतिपिंडे एच प्रतिजनाविरुद्ध काम करतात. त्यामुळे अशा रुग्णाला ओ गटाचे रक्त दिल्यास जीव धोक्यात येऊ शकतो. त्याला बॉम्बे रक्तगटाच्याच दात्याचे रक्त द्यावे लागते.

गणित

टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना १९४५ मध्ये झाली. तिला स्वतः पदवी देण्याचा अधिकार नव्हता त्या काळात तेथील अनेक संशोधकांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. घेतली. सी. एस. शेषाद्री (१९५८) आणि एम. एस. नरसिंहन (१९६०) हे त्यांपैकी होत. त्यांनी १९६५ मध्ये मांडलेले नरसिंहन–शेषाद्री प्रमेय बीजभूमितीत मूलभूत मानले जाते. विजयकुमार पटोदी यांनी १९७१ मध्ये पदवी घेतली. इंडेक्स प्रमेयाविषयीच्या त्यांच्या कार्यामुळे त्यांचे नाव मायकेल अतिया व आयसाडोर सिंगर यांच्या नावांशी कायमचे जोडले गेले. १९७६ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वनस्पतिविज्ञान

सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह पश्चिम भारतातील वनस्पतींच्या अभ्यासाचे महत्त्वाचे केंद्र आहे. जेझुइट धर्मगुरू एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यांच्यानंतर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची सूची सिद्ध केली (१९५३). सांतापाव पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेचे प्रमुख झाले.

साष्टी बेट: भूविज्ञान आणि पुरातत्त्व

मुंबईची उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेही संशोधनाचा विषय ठरले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील भूवैज्ञानिक आर. एन. सुखेसवाला यांनी अमेरिकी भूवैज्ञानिक आरी पोल्डरव्हार्ट यांच्यासह १९५८ मध्ये मुंबई परिसरातील बेसॉल्ट खडकांवर निबंध प्रसिद्ध केला. एस. एफ. सेठना यांनी साष्टीतील आम्लधर्मी खडकांचा अभ्यास पुढे नेला. दख्खनच्या पठारावर बव्हंशी बेसॉल्टचे थर आढळतात. मुंबईत मात्र रायोलाइट, ट्रॅकाइट आणि लाव्हाच्या थरांमधील गाळाचे खडकही सापडतात.

कांदिवली येथे के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याला अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली. १९३० च्या दशकात त्यांनी हे शोध निबंधरूपाने प्रसिद्ध केले. वेगवेगळ्या थरांत वेगवेगळ्या प्रकारची हत्यारे मिळाल्याने भारतीय प्रागितिहासाच्या अभ्यासात कांदिवलीचे नाव आले. टॉड विद्यापीठाशी संबंधित नव्हते. परंतु साष्टीचे सर्वेक्षण एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विद्यापीठाच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी विलेपार्ले येथील साठये महाविद्यालयाच्या सहकार्याने नव्याने हाती घेतले. त्यात वीरगळ, गद्धेगाळ व जुन्या वास्तूंचे अवशेष यांची नोंद करण्यात आली. दाट वस्तीमुळे असे अवशेष झपाट्याने नाहीसे होत असल्याने या नोंदींना विशेष मोल आहे.

संस्थांचे विलगीकरण

१९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर वैद्यकीय महाविद्यालये त्याच्या कक्षेत गेली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेला २००२ मध्ये, तर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेला २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. विज्ञान संस्था २०१९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग झाली. या बदलांमुळे त्या संस्थांना अभ्यासक्रम व निधी यांबाबत स्वायत्तता मिळाली. मात्र ज्या प्रयोगशाळांनी विद्यापीठाला कीर्ती मिळवून दिली, त्यांतील बऱ्याच प्रयोगशाळांचे नवे कार्य आता त्याच्या नावावर नोंदले जात नाही. विद्यापीठाच्या संशोधनाची जुन्या काळाशी तुलना करताना हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

सद्यस्थिती

कलिना परिसरात भौतिकी, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, गणित, संख्याशास्त्र इत्यादी विभाग कार्यरत आहेत. २००७ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या सहकार्याने तेथे मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्र सुरू झाले. बारावीनंतरच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रम आहे. अब्जांश विज्ञान व तंत्रज्ञानासाठीही याच परिसरात स्वतंत्र केंद्र आहे. संलग्न महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना 'आविष्कार' या आंतरमहाविद्यालयीन संशोधन स्पर्धेत आपले प्रकल्प मांडता येतात.

हे सुद्धा पहा

मुंबई विद्यापीठ
रसायन तंत्रज्ञान संस्था, मुंबई
कमला सोहोनी
बॉम्बे रक्तगट
साष्टी बेट
कांदिवली