हवा कुणाला मानवते?

भिवंडीत नवीन आलेला माणूस पहिल्याच पावसाळ्यात विचारतो, "ही हवा मानवते का हो तुम्हाला?" कपडे वाळत नाहीत, बुटांवर बुरशी, भिंतींना ओल. प्रश्न बरोबर आहे. पण हाच प्रश्न सुती धाग्याला विचारा, तो म्हणेल, झकास! दमट हवेत सूत बळकट होतं, कोरड्या हवेत तटातट तुटतं.

लँकेशायरचे मालक तर विणकामाच्या शेडमध्ये मुद्दाम वाफ सोडायचे. कामगारांनी ओरड केली, तेव्हा कुठे ब्रिटनने १८८९ मध्ये कायदा करून या दमटपणाला मर्यादा घातली.

मग भिवंडीत माग आले ते हवेमुळे? तसंही नाही. मालेगाव कोरडं, तरी तिथेही माग आहेतच. दोन्हीकडे १८५७ नंतर उत्तरेतून विणकर आले, ते पोटासाठी. हवा नंतर कामी आली, इतकंच.

आता भिवंडीत गोदामं आहेत. खोक्यांना ओल चालत नाही, म्हणून मालाखाली फळ्या घालतात. धाग्याला काय मानवतं, खोक्याला काय मानवतं, सगळं मालकांना पाठ. बारा तास माग चालवणाऱ्याला काय मानवतं, हे मात्र कुणी विचारत नाही.