फरशांवरून ओळखलेले स्टेशन

१९७०च्या दशकात शिकायला लंडनला आलो, तेव्हा भुयारी रेल्वेतल्या गार्डचे बोलणे मला उमगत नसे आणि ‘रसेल स्क्वेअर’ची पाटी गर्दीतून दिसत नसे. महिनाभरात मी स्टेशन भिंतीवरच्या फरशांवरून ओळखू लागलो. ही माझीच हुशारी, असे वाटे. पुढे वाचनात आले, की ती सोय १९०६ सालीच करून ठेवलेली होती.

करणारा लेस्ली ग्रीन. त्याने सुमारे ५० स्टेशने आखली. बाहेरून सगळी सारखी: गडद तांबड्या, झिलईदार फरशा आणि वर अर्धगोल खिडक्या, म्हणजे रस्त्यावरून पाहताच स्टेशन कळावे. खाली प्लॅटफॉर्मवर मात्र प्रत्येक ठिकाणचा रंग आणि नक्षी वेगळी. कॉव्हेंट गार्डन पिवळे. अक्षरओळख नसलेल्यालाही उतरायचे ठिकाण चुकू नये. छपरे सपाट ठेवली, कारण वर मजले चढवून कचेऱ्या काढता याव्यात. कंपनी हिशेबाला पक्की होती! १९०८ मध्ये, अवघ्या ३३व्या वर्षी ग्रीन वारला.

पुढची पिढी फ्रँक पिक आणि चार्ल्स होल्डन यांची. पिक शिक्षणाने वकील, पण पाटीवरच्या अक्षराच्या वळणापर्यंत त्याची नजर असे. होल्डनने १९२८ मध्ये पिकॅडिली सर्कसच्या चौकाखाली गोल दालन उभारले. (ज्या सेनेट हाउसच्या ग्रंथालयात माझी उमेदीची वर्षे गेली, तेही त्याचेच.)

जुन्याच्या प्रेमालाही मर्यादा हवी. लाकडी सरकत्या जिन्यांची ऊब मला आवडे. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉसला तशाच जिन्याखाली आग लागली आणि ३१ माणसे गेली. त्यानंतर लाकडाची हळहळ मी सोडली.

१९९९च्या ज्युबिली मार्गावर रोलंड पाओलेट्टी यांनी स्टेशने वेगवेगळ्या वास्तुरचनाकारांना वाटून दिली. कॅनरी वॉर्फला नॉर्मन फॉस्टर यांनी काचेच्या छतातून दिवसाचा उजेड खाली आणला. २०२२च्या एलिझाबेथ मार्गावर मात्र मध्य लंडनमधले भुयारी प्लॅटफॉर्म जवळजवळ एकाच साच्यातले: प्रशस्त, फिकट, शांत. तिथे लिफ्ट थेट प्लॅटफॉर्मपर्यंत नेते; रसेल स्क्वेअरला लिफ्टनंतरही पायऱ्या आहेतच. माझे गुडघे एलिझाबेथच्या बाजूने आहेत. पण तिथे डुलकी लागली आणि जाग आली, की मी कुठे आहे हे भिंत सांगत नाही. चष्मा शोधावा लागतो.