मालमोटारींतील फेरबदल आणि धुराची चाचणी : नांदेड-लातूर भागाच्या संदर्भात

मराठवाड्यातील दळणवळणाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा लोहमार्गापाशी थांबतात. त्याला कारणही आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा मीटर मापाचा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नांदेडवरून गेला आणि कापसाच्या व्यापाराला त्याने नवे वळण दिले. लातूरचे भाग्य मात्र निराळे होते. १९११ साली तेथे पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे अरुंद मापाची असल्याने लातूर पेठेतील धान्य व तेलबिया कुर्डुवाडीस उतरवून पुन्हा रुंद मापाच्या डब्यांत भराव्या लागत, आणि ही अडचण २००८ पर्यंत पुरती दूर झाली नाही. ज्या पेठेचा माल दोनदा चढवावा-उतरवावा लागतो तिने मालमोटारीचा आश्रय घ्यावा, यात नवल नाही. नांदेडकडून देगलूर-बिलोलीमार्गे तेलंगणात आणि लातूरकडून उदगीर-निलंग्यामार्गे कर्नाटकात जाणारी वाहतूकही मुख्यतः मोटारीचीच राहिली. या मालमोटारींच्या धुरावर कायद्याने नजर कशी ठेवली, आणि त्या नजरेतून काय निसटत गेले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम एका शब्दसमूहाचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात वाहनांची बांधणी, साधने व निगा यांसंबंधी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना देण्यात आला. त्या अधिकाराच्या विषयांत धूर, दिसणारी वाफ, ठिणग्या, राख, कणकचरा आणि तेल यांच्या उत्सर्जनाचा उल्लेख येतो. पेट्रोलवर वा डिझेलवर चालणाऱ्या गाडीच्या संदर्भात राख आणि दिसणारी वाफ हे शब्द कोणालाही विचित्र वाटतील. परंतु ते मुळात मोटारीसाठी योजलेलेच नव्हते. इंग्लंडमध्ये १८९६ साली जो कायदा झाला त्यात हलक्या स्वयंचलित गाड्यांना रस्त्यावर मुभा देताना, आकस्मिक कारण वगळता त्यांतून धूर किंवा दिसणारी वाफ निघू नये, अशी अट घातली होती. त्या काळी रस्त्यावरील यंत्र म्हणजे वाफेचे यंत्र. त्याच्या धुराने घोडे बुजत, ठिणग्यांनी गंजी पेटत. वाफेच्या यंत्रासाठी घडलेली ही भाषा पुढे डिझेल इंजिनास लागू झाली आणि १९८८ च्या अधिनियमाच्या ११० व्या कलमातही कायम राहिली. तिच्यातील महत्त्वाचा शब्द ‘दिसणारी’ हा होय. डोळ्यास दिसते ते निषिद्ध, अशी या कायद्याची मूळ धारणा होती.

त्याच १९३९ च्या अधिनियमात फेरबदलाचा विचारही आहे, पण तो अगदी वेगळ्या ठिकाणी. धुराची बाब बांधणीच्या प्रकरणात येते, तर फेरबदलाची नोंदणीच्या प्रकरणात. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील अचूक राहणार नाहीत असा बदल गाडीत झाला, तर मालकाने तो नोंदणी अधिकाऱ्यास कळवावा, असे ३२ वे कलम सांगे. म्हणजे फेरबदल हा कायद्याच्या दृष्टीने कागद आणि वस्तू यांच्यातील विसंगतीचा प्रश्न होता, यंत्राच्या वर्तनाचा नव्हे. एकाच अधिनियमाच्या पोटात ही दोन कलमे शेजारधर्म न पाळता नांदत राहिली. माझ्या मते पुढील सगळ्या गोंधळाचे मूळ येथेच आहे.

हा प्रदेश त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, हे विसरता कामा नये. मोटार वाहतुकीचा सरकारी प्रयत्न तेथे लवकर झाला. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी प्रवासी सेवा सुरू केली. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. मुंबई मोटार वाहन नियम १९५९ चे. तेव्हा नांदेडच्या गाडीला आणि पुण्याच्या गाडीला एकच नियमावली लागू होण्याचा प्रसंग या सुमाराचा मानावा लागतो. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होते. जिल्हा झाले ते १९८२ साली. आज एम.एच. २४ हा लातूरचा आणि एम.एच. २६ हा नांदेडचा नोंदणीक्रमांक आहे.

याच दशकात यंत्रही बदलत होते. टाटांनी डाइमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपूर येथे डिझेल मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला, आणि थोड्याच अवधीत अशोक लेलँडच्या गाड्या आल्या. त्यापूर्वीच्या लॉऱ्या बहुतांशी पेट्रोलच्या होत्या. त्यांतील इंजिन काढून त्या जागी पर्किन्स जातीचे डिझेल इंजिन बसविण्याचा प्रघात देशात पडला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कारखान्यातून येत असे ती पूर्ण गाडी नव्हेच. चाके, इंजिन आणि लोखंडी चौकट, म्हणजे ज्यास सर्वत्र ‘चेसिस’ म्हणतात तेवढेच मालक विकत घेई. केबिन, हौदा, फाळके हे सारे स्थानिक सुतार-लोहार उभारीत. तेव्हा आपल्याकडील मालमोटार ही जन्मतःच अर्धी कारखान्याची आणि अर्धी गावची असते. ‘मूळ’ गाडी कोणती आणि ‘फेरबदल केलेली’ कोणती, हा भेद पाश्चात्त्य देशांत जितका सोपा आहे तितका येथे कधीच नव्हता.

आता धूर वाढविणारा बदल कोणता, ते पाहू. डिझेल इंजिनात हवा आत घेतली जाते आणि तीवर पंपाने मोजून इंधन फवारले जाते. इंधन हवेच्या मानाने अधिक झाले म्हणजे ते पुरते जळत नाही आणि कार्बनचे कण काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतात. जुन्या गाड्यांत या पंपावर कमाल इंधनाची मर्यादा ठरविणारा एक स्क्रू असतो आणि कारखाना त्यावर शिशाचे सील ठोकतो. सील तोडून स्क्रू थोडा फिरविला की चढावावर ओढ वाढते. परवानगीपेक्षा अधिक भरलेली गाडी बालाघाटच्या चढणीवर नेणाऱ्यास ही ओढ फार मोलाची वाटते. या बदलास ना पैसा लागतो ना वेळ, आणि तो उलटविण्यासही एक पान्हा पुरतो.

येथे नोंदणी प्रमाणपत्र उघडून पाहावे. त्यात इंजिनाचा क्रमांक आहे, चेसिसचा क्रमांक आहे, हौद्याचा प्रकार, रिकाम्या गाडीचे वजन, इंधन यांची नोंद आहे. पंपाच्या स्क्रूची नोंद नाही, आणि असण्याचे कारणही नाही. परिणामी हौद्यास दोन हात लांबविणारा मालक फेरबदलाच्या कलमात सापडे, पण ज्या बदलाने रस्ताभर काजळी पसरते तो कायद्याच्या भाषेत फेरबदलच ठरत नसे. १९८८ च्या अधिनियमाने ५२ व्या कलमात पूर्वपरवानगी आवश्यक केली, शिवाय वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडत असेल तर परवानगी नको, अशी सवलतही ठेवली. वजनाचा एवढा बारीक हिशेब करणाऱ्या या कलमात इंधनपंपाला मात्र जागा मिळाली नाही.

धुराच्या बाजूने खरी क्रांती घडली ती १९८९ च्या केंद्रीय नियमांतील ११५ व्या नियमाने. निरीक्षकाच्या डोळ्याऐवजी यंत्र आले. हार्ट्रिज पद्धतीच्या धूरमापकात ठरावीक लांबीच्या नळीतून धूर सोडतात व पलीकडे प्रकाश किती पोहोचतो ते मोजतात. ६५ हार्ट्रिज म्हणजे शंभर भाग प्रकाशातील ६५ भाग अडले. गाडी उभी ठेवून, गियर न टाकता, पेडल एकदम दाबून जी ‘मुक्त प्रवेग’ चाचणी करतात तिच्यासाठी ही मर्यादा ६५ ठरली. पूर्ण भारावरील चाचणीसाठी ती ७५ होती. पुढे भारत स्टेज ४ च्या गाड्यांसाठी मुक्त प्रवेगाची मर्यादा ५० करण्यात आली. हे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. मापाची पट्टी सरळ प्रमाणात वाढत नाही. प्रभावी नळी ०.४३ मीटर धरली तर ६५ हार्ट्रिज म्हणजे प्रकाशशोषणाचा गुणांक मीटरमागे सुमारे २.४५ येतो आणि ५० हार्ट्रिज म्हणजे सुमारे १.६२. म्हणजे ६५ चे ५० झाले तेव्हा धुराची मर्यादा सुमारे एकतृतीयांशाने खाली आली, सव्वादोन-अडीच आण्यांनी नव्हे. उलट ६५ आणि ७५ यांतील अंतर दिसते त्याहून बरेच मोठे आहे.

या नियमाच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद करता येतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नियम असे म्हणतो की, गाडीत काय बदलले याची मला पर्वा नाही; धूर मर्यादेत असला म्हणजे झाले. कारणाऐवजी फळाकडे पाहणारा कायदा अधिक न्याय्य आणि अंमलास अधिक सोपा असतो. तत्त्वतः हे मान्य करावे लागेल. परंतु फळ कोणत्या घटकेला पाहिले, यावर सर्व काही अवलंबून असते. पूर्ण भारावरील चाचणीस गाडी रोलरवर चढवून तिच्यावर ओझे टाकणारी यंत्रसामग्री लागते. प्रमाणपत्रे देणाऱ्या केंद्रांत ती नसते. तेथे होते ती मुक्त प्रवेगाची चाचणी, उभ्या व रिकाम्या गाडीची, वर्षातून एकदा किंवा दोनदा आणि मालक स्वतः निवडील त्या दिवशी. स्क्रू आत घेऊन आलेली गाडी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडते. चढणीवर भरलेल्या अवस्थेत ती काय ओकते, हे त्या नळीस कधीच कळत नाही.

शिवाय प्रमाणपत्र देणारे केंद्र खाजगी असते आणि ते फक्त धूर पाहते. नोंदणीतील तपशील तपासणारा मोटार वाहन निरीक्षक योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी धुरासाठी त्याच केंद्राचा कागद पाहतो. दोघांच्या मधून पंप निसटतो. १९३९ मधील दोन प्रकरणांची फारकत अशा रीतीने दोन कचेऱ्यांच्या फारकतीत उतरली आहे.

या भागातील टंचाईच्या वर्षांनी प्रश्नास आणखी एक बाजू दिली. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांस स्मरत असेल. रेल्वेने आलेले पाणी असो की विहिरीचे, घरापर्यंत आणि वाडी-तांड्यापर्यंत ते टँकरनेच जाते. टँकर म्हणजे पुष्कळदा लांब पल्ल्याच्या कामातून निवृत्त झालेली मालमोटार. हौदा उतरवून तिच्यावर लोखंडी टाकी बसविलेली असते. कायद्याच्या दृष्टीने हा उघड फेरबदल आहे आणि त्यास परवानगी लागते. पण टाकीने धूर वाढत नाही. वाढतो तो गाडीच्या वयाने आणि झिजलेल्या फवारणीने. त्यातून हा प्रश्न केवळ शिस्तीचा राहत नाही. जी गाडी रस्त्यावरून दूर करावी असे हवेचे शास्त्र सांगते, तिच्याच येण्याची वाट उन्हाळ्यात गाव पाहत असते.

२००० साली ५२ वे कलम बदलण्यात आले. नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल करू नये, असा त्याचा आशय झाला. पर्यायी इंधनाच्या संचास मात्र मुभा ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या के. जयचंद्र यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ दृढ केला. तरीही ‘नोंदणीतील तपशील’ हे शब्द कायम आहेत, म्हणून स्क्रू बाहेरच राहतो. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षा वाढल्या : बेकायदा फेरबदलास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि धुराच्या मर्यादाभंगास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. दंडाच्या तराजूत धूर जड झाला हे खरे. पण मोजण्याची रीत तीच राहिली. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने २०१९ मध्ये हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांची यादी केली, तीत लातूरचे नाव आहे, नांदेडचे नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ ने यंत्राचे स्वरूपच पालटले. गंधकाचे प्रमाण दशलक्षांश ५० वरून १० वर आले, पंपाचा स्क्रू जाऊन संगणक आला, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निकामी करण्यासाठी धुराच्या वाटेवर युरियाचे द्रावण फवारले जाऊ लागले. द्रावण संपले तर संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो. द्रावणाचा खर्च वाचविण्यासाठी संगणकास फसविणारी लहानशी पेटी बसविण्याचा प्रकार युरोपातील मालमोटारींतही उघडकीस आला आहे. हा फेरबदल नोंदणी प्रमाणपत्रात दिसत नाही, हौद्यावर दिसत नाही, आणि धुरातही दिसत नाही. कारण डिझेल गाडीच्या प्रदूषण प्रमाणपत्रासाठी अजून धुराची घनताच मोजली जाते आणि ही ऑक्साइडे त्या नळीतील प्रकाश अडवीत नाहीत.