सैनिकांनी खोदलेली वाट

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतातील 'ग्रेट ओशन रोड' प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांमुळे आपल्याकडेही आता परिचयाचा झाला आहे. समुद्रात उभे असलेले पिवळसर खडकांचे सुळके, खालून उसळणारा फेस आणि कड्याच्या कडेने वळणे घेत जाणारी काळी सडक एवढेच चित्र मनात घेऊन आम्ही २०१८च्या एप्रिलअखेरीस मेलबर्नहून निघालो. बरोबर दोन मुले होती, थोरली दहा वर्षांची आणि धाकटा सहाचा. मुलांना समुद्र पाहावयाचा होता. आम्हालाही त्याहून अधिक काही पाहावयाचे नव्हते. इतिहास मध्येच आडवा आला.

टॉर्की या गावापासून ॲलन्सफर्डपर्यंत हा रस्ता २४३ किलोमीटर जातो. त्या देशात वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना समुद्र मोटारीच्या डाव्या चाकाशी लगटून येतो. ईस्टर्न व्ह्यू येथे रस्त्यावर एक लाकडी कमान लागते. १९८३च्या फेब्रुवारीतील भीषण वणव्यात आधीची कमान जळाली, ही त्यानंतरची. तिच्याजवळ दोन श्रमिकांचे कांस्यशिल्प आहे. धाकट्याने विचारले, "हे राजे आहेत का?" कमान आणि पुतळा म्हटला की राजा, हा आपल्याकडच्या मुलाचा हिशेब. ते राजे नव्हते. ते पहिल्या महायुद्धावरून परतलेले शिपाई होते, आणि ज्या रस्त्यावर आमची मोटार उभी होती तो त्यांनी हातांनी खोदला होता.

महायुद्धात ऑस्ट्रेलियाने सुमारे साठ हजार माणसे गमावली. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आतबाहेर होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते. शिवाय हे सारे स्वेच्छेने गेलेले. सक्तीच्या भरतीचा प्रस्ताव १९१६ आणि १९१७ अशा दोन्ही सार्वमतांत तेथील मतदारांनी नाकारला होता. युद्ध संपण्याआधीच दोन प्रश्न उभे राहिले. गेलेल्यांचे स्मारक कोणते करावे, आणि परतणाऱ्यांना काम कोठून द्यावे? जीलाँग शहराचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी या दोहोंना एकच उत्तर दिले. १९१८ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली एक विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि त्याने ठरवले, की या दुर्गम किनाऱ्यावर रस्ता बांधावा, बांधणारे हात परतलेल्या सैनिकांचे असावेत आणि रस्ता हेच मृतांचे स्मारक ठरावे. हिचकॉक यांनी स्वतःचे तीन हजार पौंड त्यात घातले. पुढे वाहनांकडून पथकर घेऊन रक्कम वसूल करण्याची योजना होती. १९३६मध्ये रस्ता सरकारच्या हवाली झाला तेव्हा हा कर बंद झाला.

काम १९१९च्या सप्टेंबरात सुरू झाले. लॉर्न आणि अपोलो बे ही तेव्हा एकाकी गावे होती. तेथे पोहोचायचे तर समुद्रमार्गाने किंवा रानातल्या खडतर वाटेने. कुदळ, फावडे, एकचाकी ढकलगाडी आणि सुरुंगाची दारू एवढ्या सामग्रीवर तेरा वर्षांत सुमारे तीन हजार माणसांनी कडे फोडले. आठ तासांच्या दिवसाला साडेदहा शिलिंग मजुरी होती. राहावयास तंबू, जेवणासाठी एक मोठा सामाईक मांडव, आणि करमणुकीला पियानो, ग्रामोफोन व वर्तमानपत्रे. ज्यांनी चार वर्षे खंदकांत काढली होती त्यांना पुन्हा माती उपसण्याचेच काम मिळाले, यातला विपर्यास आम्हाला प्रथम बोचला. मागून वाटले, की खंदक खोदणे आणि वाट खोदणे या दोन गोष्टी हाताला सारख्या लागत असल्या तरी मनाला सारख्या लागत नसाव्यात. तरीही त्या माणसांनी युद्ध मागे टाकले होते असे नाही. किनाऱ्यावरच्या एका खडकरांगेला त्यांनी 'आर्टिलरी रॉक्स' हे नाव ठेवले; पियानोने ते पुसले गेले नाही.

मुलांना यातली एकच कथा मनापासून आवडली. १९२४ साली 'कसिनो' नावाची आगबोट केप पॅटनजवळ खडकावर आदळली आणि भार हलका करण्यासाठी खलाशांनी बिअरची पाचशे पिंपे व दारूच्या एकशेवीस पेट्या समुद्रात लोटल्या. लाटांनी तो माल मजुरांच्या पदरात टाकला, आणि रस्त्याचे काम पंधरवडाभर थांबले, असे तिकडे हसत सांगतात. आम्हालाही ही कथा आवडली, हे लपवण्यात अर्थ नाही.

लॉर्न सोडल्यावर वळणे अशी सुरू झाली, की धाकट्याला मळमळू लागले. थोड्याच वेळात माउंट डिफायन्सपाशी मोटार थांबवावी लागली. आई त्याला पाणी पाजत असता आम्ही समोर पाहिले, तर हिचकॉक यांचे स्मारक! २६ नोव्हेंबर १९३२ रोजी रस्त्याचे रीतसर उद्घाटन झाले. त्याआधी तीनच महिने, ऑगस्टमध्ये, हा मनुष्य हृदयविकाराने गेला होता. उद्घाटनाच्या मिरवणुकीत गव्हर्नरांच्या गाडीमागून त्यांची मोटार चालवण्यात आली, एवढाच त्यांचा त्या सोहळ्यातील सहभाग.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. हा किनारा युरोपीय येण्यापूर्वी निर्मनुष्य नव्हता. ऑटवेच्या अरण्यात गादुबानुद लोक हजारो वर्षे नांदत होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंसेने व रोगांनी त्यांची वाताहत झाली. 'दुर्गम' हा शब्द आम्ही वर सहज वापरला. तो कोणाच्या दृष्टीने, हे विचारावयास हवे होते.

अपोलो बेला त्या रात्री मुक्काम केला. जेवताना थोरलीने विचारले, "आपल्याकडचेही लढायला गेले होते ना? मग जे परत आले, त्यांना कोणतं काम दिलं?"

प्रश्न बेळगावकराला टाळता येण्याजोगा नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आमच्या शहरातच आहे. त्या छावणीच्या बाजूने आम्ही लहानपणापासून जातयेत आलो आहोत. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी अडकल्या, घोड्यांचे मांस खाण्याची पाळी आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करावी लागली; त्यानंतरच्या कैदेत कित्येक जण वाटेतच संपले, एवढे आम्ही तिला सांगू शकलो. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सत्तर हजारांच्या वर परतली नाहीत, हेही सांगितले. परंतु तिचा प्रश्न मेलेल्यांविषयी नव्हता. आमच्या मूळ गावी आजोबांचे एक चुलते बसऱ्याहून परतले होते. घरी त्यांच्याविषयी एकच वाक्य शिल्लक आहे, की ते रात्री झोपत नसत. त्यांच्या हाती कोणी कुदळ तरी दिली काय, हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

दुसऱ्या दिवशी ते सुप्रसिद्ध सुळके पाहिले. 'बारा प्रेषित' हे त्यांचे नाव. संख्या बारा कधीच नव्हती. २००५च्या जुलैमध्ये त्यांतला एक कोसळला, आणि १९९०मध्ये जवळचीच 'लंडन ब्रिज' ही नैसर्गिक कमान पडली, तेव्हा पलीकडे अडकलेल्या दोघा प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. धाकटा आता पूर्ण बरा होता. राहिलेले सुळके कधी पडतील, याची तो उत्सुकतेने चौकशी करीत होता.

मेच्या अखेरीस आम्ही दोन्ही मुलांना घेऊन गावी गेलो. महायुद्धात येथून इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतकी मेली, असे सांगणारी इंग्रजी अक्षरांची संगमरवरी पाटी अनेक गावांप्रमाणे आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीतही बसवलेली आहे. तिच्यापुढे खतांची पोती रचली होती. ती बाजूला केली, तेव्हा दिसले, की दरवर्षीच्या रंगसफेदीत पाटीवरूनही कुंचला फिरत आला आहे. शब्द कसेबसे लागले. आकड्यांच्या जागी चुन्याचा जाड थर होता, आणि थोरलीने नखाने तो खरवडावयास घेतला.